'दुखतंय का, ते बघतेय'

पित्ताची पिशवी काढलेली माणसं माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात तेव्हा बहुतेकांचं गाऱ्हाणं एकच असतं: 'मॅडम, रिपोर्ट नॉर्मल आलेत, पण पोट काही पहिल्यासारखं नाही.' त्यातल्याच एका ताईंची ही हकिकत. ओळख पटू नये इतके तपशील बदलले आहेत.

दुर्बिणीतून ऑपरेशन होऊन अडीच महिने झाले होते. जखमा भरल्या होत्या, सर्जननी दोनदा तपासलं होतं, सोनोग्राफी आणि रक्ताच्या तपासण्या ठीक होत्या. तरी ताई मऊ भात आणि वरणाच्या पाण्यावरच होत्या. वजन सात किलो उतरलेलं.

'पिशवीच काढली, आता पित्त येणार कुठून?'

'यकृतातून. आधीही तिथूनच यायचं.'

त्या बघतच राहिल्या. यकृत दिवसाला अर्धा ते एक लिटर पित्त तयार करतं. पिशवीत त्यातलं जेमतेम 30 ते 50 मिलिलिटर साठायचं. आता ते थेट आतड्यात झिरपत राहतं. म्हणून तेलकट-तुपकट एकदम खाल्लं की काहींना जुलाब होतात, पोटात गुबारा धरतो. बहुतेकांचं काही आठवड्यांत ताळ्यावर येतं, काहींना महिने लागतात.

एवढं कळल्यावर निम्मी भीती गेली. उरलेली तिसऱ्या भेटीत सापडली. बोलताना त्यांचा हात सारखा उजव्या बरगडीखाली जाई, दोन बोटं रुतवून दाबे.

'दुखतंय का?'

'नाही हो. दुखतंय का, ते बघतेय.'

असं दिवसातून किती वेळा होतं, ते मोजायला सांगितलं. पुढच्या भेटीत वहीत रेघाच रेघा. एका दिवसात 63! मग मी त्यांना डावा दंड तसाच, एकाच जागी दाबत राहायला सांगितलं. थोड्या वेळानं म्हणाल्या, 'इथंही ठणकायला लागलं की.' बोटं थांबली. 'म्हणजे मीच...'

मी गप्प राहिले. अशा वेळी समुपदेशकानं मध्ये बोलू नये, हे मी बऱ्याच वर्षांनी शिकले आणि त्या दिवशी पाळलं, याचं मला समाधान आहे.

त्यांचं दुखणं खरंच होतं. 'मनाचे खेळ' म्हणून ते उडवून लावणं मला कधीच पटलेलं नाही. पण 'आत काहीतरी बिघडलंय' हा विचार पक्का बसला, की पोटातली साधी गुरगुरही धोक्याची वाटते, हे मी वारंवार पाहिलंय. म्हणून पोट चाचपायचं ते दिवसातून एकदाच, अंघोळीच्या वेळी. जेवण थोडं थोडं, नवा पदार्थ एका वेळी एकच. आणि यजमानांनी सकाळी उठल्या उठल्या 'आज पोट कसंय?' हे विचारणं बंद करायचं.

मात्र ताप, डोळ्यांना पिवळेपणा, गडद लघवी, पांढरट शौच, वाढत जाणारी कळ किंवा न थांबणाऱ्या उलट्या असतील, तर आधी सर्जनकडे. जुलाब रेंगाळले तरी त्यांनाच सांगा, त्यावर औषध असतं.

सातव्या भेटीला ताई आल्या त्या सांगतच, 'काल वरणभातावर अर्धा चमचा तूप घेतलं. यजमान नुसते बघत होते, पण विचारलं काही नाही.'