पहिला पेपर: रिजेक्ट ॲनालिसिस घ्या, पण छेद आधी ठरवा

जिल्हा रुग्णालयात एक्सरे टेक्नॉलॉजिस्ट आहात, पहिल्या पेपरला विषय हवाय, आणि 'तीन दिवसांत छापून देतो' म्हणणाऱ्या जर्नलला पैसे भरावेत का, असं विचारलंय. भरू नका. तीन दिवसांत पीअर रिव्ह्यू, म्हणजे त्याच विषयातल्या तज्ज्ञांकडून तपासणी, होत नसतो.

विषय रिजेक्ट ॲनालिसिस घ्या, म्हणजे किती एक्सरे प्रतिमा रद्द झाल्या आणि का, याचा हिशोब. माहिती तुमच्याच यंत्राच्या कन्सोलवर असते आणि अभ्यासासाठी कुणाला जादा एक्सपोजर द्यावं लागत नाही. रद्द प्रतिमा भागिले घेतलेल्या एकूण प्रतिमा, एवढंच गणित. घोळ होतो तो छेदात. पॅक्सवरचा (प्रतिमा साठवण्याच्या प्रणालीवरचा) आकडा घेतलात तर रद्द प्रतिमा सहसा तिथे पोचलेल्याच नसतात, म्हणून छेद लहान आणि दर फुगलेला. रुग्णसंख्या तर मुळीच घेऊ नका. फँटम (रुग्णाऐवजी ठेवलेला चाचणीचा नमुना) आणि क्यूसीची (यंत्राच्या गुणवत्ता तपासणीची) एक्सपोजर वगळा. खराब प्रतिमा रद्द न करता चांगलीसोबत तशीच पाठवली असेल तर कन्सोल ती रद्द म्हणून मोजत नाही. एका तपासणीत एकच व्ह्यू दोनदा दिसला की उघडून बघा. जुना लॉग पुसला जाऊ शकतो, तेव्हा दर आठवड्याला एक्स्पोर्ट करा.

दर १० टक्क्यांच्या आसपास धरून अधिक-उणे २ टक्क्यांची (म्हणजे ८ ते १२) अचूकता हवी असेल तर ८६५ प्रतिमा लागतात. छाती, मणका असे वेगळे दर द्यायचे तर प्रत्येक भागाला तेवढ्या.

रद्द करण्याच्या नोंदलेल्या कारणांत 'इतर' फार दिसलं तर ते घाईत दाबलेलं बटण समजा. शंभरेक रद्द प्रतिमा दोघांनी स्वतंत्र तपासून 'कापा' (kappa, दोघांचं मत किती जुळलं याचा आकडा) काढा.

तुलनेला एएपीएम या अमेरिकेतल्या वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांच्या संघटनेच्या टास्क ग्रुप १५१ चा २०१५चा अहवाल आहे: लक्ष्य ८ टक्के, १० च्या वर गेलं की चौकशी. दर फार कमी आला तरी खूश होऊ नका, सुमार प्रतिमा चालवून घेतल्या जात असतील. शिवाय डिजिटलमध्ये जास्त एक्सपोजरची प्रतिमा काळी पडत नाही, म्हणून रद्दही होत नाही. त्यासाठी डेव्हिएशन इंडेक्स, म्हणजे एक्सपोजर ठरल्यापेक्षा किती ढळलं याचा आकडा, नोंदवा. +३ म्हणजे डिटेक्टरवर ठरल्याच्या दुप्पट एक्सपोजर. पेपरचा खरा जीव इथे आहे.

एथिक्स कमिटीची मंजुरी माहिती गोळा करण्याआधीच. जुनी, नाव काढलेली माहिती असली तरी संमतीतून सूट कमिटी देते, आपण ठरवायचं नसतं. प्रतिमेवर छापलेलं नाव डायकॉम टॅग (फाइलसोबत जोडलेली रुग्णाची माहिती) पुसल्यानं जात नाही, ते वेगळं झाका.

मसुदा स्ट्रोब या निरीक्षणात्मक अभ्यासांच्या लेखन-यादीच्या २२ मुद्द्यांशी ताडून 'रेडिओग्राफी' जर्नलला पाठवा. वर्गणीचा मार्ग निवडलात तर लेखकाला छपाईचं शुल्क नाही. ओपन ॲक्सेसवर (वाचकाला फुकट, पैसे लेखकाकडून) चुकून टिक करू नका.