अठरा वर्षं बायोडेटातून कुठे गेली?

सोलापूरच्या एका ताईंचं पत्र आलं आहे. वय ४३. अठरा वर्षं एका छापखान्यात डीटीपीचं, म्हणजे संगणकावर छपाईची पानं मांडण्याचं काम केलं, दोन वर्षांपूर्वी तो छापखाना बंद झाला. साठवलेल्या पैशांतून ७२ हजार रुपये भरून आठ महिन्यांचा वेब डिझाइनचा कोर्स केला. गेल्या पाच महिन्यांत नोकरीच्या पोर्टलवर ८६ अर्ज केले, मुलाखती झाल्या तीन. त्यातून एकच उत्तर आलं: पुण्यात आठ हजारांच्या स्टायपेंडवर ‘इंटर्न’ म्हणून या. यजमान पतसंस्थेत लिपिक आहेत, मुलगी अकरावीत. ताईंनी चार गोष्टी विचारल्या आहेत. वय आणि जुना अनुभव झाकावा का? कोर्सवाले सुचवतात तो ९५ हजारांचा ‘फुल स्टॅक’चा पुढचा कोर्स करावा का? दुसऱ्या एका छापखान्यात १७ हजारांची नोकरी मिळते आहे, ती धरून हा नाद सोडावा का? आणि सोलापुरात हे काम मिळतं तरी का?

ताई, नमस्कार.

तुमचा बायोडेटा मी आधी उघडला आणि पत्र मागाहून वाचलं. दोन्ही एकाच बाईंचं आहे हे पटायला मला वेळ लागला. बायोडेटात आठ महिन्यांचा कोर्स आहे. एचटीएमएल, सीएसएस, फिग्मा आणि वर्डप्रेस ही वेबची साधनं येतात, एवढंच. असे बायोडेटा माझ्याकडे सारखे येत असतात. पत्रातल्या बाईंनी मात्र पतसंस्थांचे वार्षिक अहवाल सभेच्या तोंडावर रात्र जागून पुरे केले आहेत, एकाच लग्नपत्रिकेत मराठी, तेलुगू आणि कन्नड मजकूर बसवला आहे, प्रूफात सगळ्यांच्या नजरेतून सुटलेली चूक प्लेटला जाण्याआधी पकडली आहे. मी कुणाला काम देणार असेन तर या दुसऱ्या बाईंना देईन. ‘मागचं काढून टाका, त्यातून वय दिसतं’ असं कोर्सच्या सरांनी सांगितलं आणि तुम्ही ते ऐकलंत. तो सल्ला चुकीचा होता, हे स्पष्टच सांगते.

अठरा वर्षं पुसली की तुम्ही बावीस वर्षांच्या मुलामुलींच्या रांगेत जाऊन उभ्या राहता. ती मुलं पुण्यात चौघांत एक खोली घेऊन राहतील, रात्री अकरापर्यंत बसतील, आठ हजारांतही भागवतील. त्या रांगेत तुमचा नंबर लागणं कठीण. शिवाय मुलाखतीला तुम्ही समोर बसलात की ‘मधली वर्षं कुठे होतात?’ हा प्रश्न येणारच, कारण कागदावर ती वर्षं नाहीत. जन्मतारीख लिहू नका, ती कुणी मागितलेली नसते. पण पहिल्याच ओळीत लिहा: मराठी मजकुराच्या मांडणीचा १८ वर्षांचा अनुभव, आता वेबसाठी.

त्या एका ओळीत तुमचा धंदा आहे. कसा ते सांगते.

बऱ्याच मराठी वेबसाइट बनवणाऱ्यांना मराठी अक्षर कळत नाही. इंग्रजीसाठी केलेल्या साच्यात ते मजकूर ओततात आणि मोकळे होतात. दोन ओळींमधलं अंतर इंग्रजीच्या मापाचं राहतं, मग वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेला भिडतो. शीर्षक ऐसपैस दिसावं म्हणून अक्षरांमधलं अंतर वाढवतात आणि शिरोरेषेचे तुकडे पडतात. देवनागरीत तिरपं अक्षर मुळात रुळलेलं नाही. तसा फॉन्ट नसला की ब्राउझर सरळ अक्षरच ढकलून वाकडं करतो. हे बघताना तुमचे हात शिवशिवत असतील, कारण तुम्ही हे छापील पानावर वर्षानुवर्षं सावरलं आहे. वेबवर तेच सीएसएसच्या, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या कोडच्या, दोन-चार ओळींत सावरता येतं, आणि त्या ओळी तुम्ही शिकला आहात.

आणखी एक बारीक गोष्ट. पानाच्या एचटीएमएलमध्ये, म्हणजे मूळ कोडमध्ये, भाषा मराठी आहे असं नोंदवलं, तर ज्या फॉन्टमध्ये मराठी वळणाची सोय आहे, तो फॉन्ट पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ दाखवतो. महाराष्ट्र शासनाने २००९ मध्ये प्रमाण म्हणून ठरवलेली वळणं हीच. ती नोंद करायची राहून गेली की हिंदी वळण येतं. आपल्या शाळेची वेबसाइट हिंदी वळणात का दिसते, हे मुख्याध्यापकांना सांगता येत नाही, पण काहीतरी खटकत असतं. तुम्ही ते एका मिनिटात दुरुस्त करू शकता.

आता श्री-लिपीकडे, म्हणजे डीटीपीतल्या त्या जुन्या मराठी फॉन्टांकडे, या. गावोगावच्या संस्थांच्या संगणकांत कितीतरी वर्षांचा मजकूर जुन्या फॉन्टांत अडकून पडला आहे. फॉन्ट नसला की तिथे इंग्रजी अक्षरांची जत्रा दिसते. गूगलला तो सापडत नाही, आणि अंध वाचकाचं स्क्रीन रीडर काहीतरी अगम्य बरळतं. तो युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर वाचता येणाऱ्या आजच्या सर्वमान्य पद्धतीत, आणायला कन्व्हर्टर आहेत, पण ते चुका करतात आणि त्या चुका कुठे होतात हे तुम्हाला डोळे मिटून सांगता येईल. जुन्या फॉन्टात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये नंतर. रफाराचं नेमकं उलटं. ‘शेतकऱ्यांच्या’मधला ‘ऱ्य’ तर हमखास बिघडतो. हे काम कंटाळवाणं आहे, म्हणून तरुण डिझायनर त्याच्या वाटेला जात नाहीत. तुम्ही जा.

आता कटू भाग. वेब डिझाइनमध्ये सुरुवातीच्या नोकऱ्यांची अवस्था खरोखरच अवघड आहे. तयार टेम्पलेट आणि एआयची साधनं साधं पान काही मिनिटांत उभं करतात. पूर्वी नवख्या माणसाला ठेवायचे ते मुळात या कामासाठीच. त्यामुळे ८६ अर्जांतून नोकरी मिळाली नाही याचा दोष पूर्ण स्वतःकडे घेऊ नका. आणि याच कारणासाठी ९५ हजारांचा कोर्सही करू नका. तो कोर्स ॲप घडवणाऱ्या प्रोग्रामरचा आहे. मांडणीत मन रमतं आणि कोडिंगच्या तासाला पोटात गोळा येतो, असं तुम्हीच पत्रात लिहिलं आहे. त्या पैशांनी तुम्ही वेगळ्या, आणखी गर्दीच्या रांगेत उभ्या राहाल, तिथेही नवख्याच. लागेल तेवढी जावास्क्रिप्ट एमडीएन आणि फ्रीकोडकँप या वेबसाइटवर फुकट शिकता येते. ते ९५ हजार बँकेत राहू द्या, मुलीची बारावी पुढच्याच वर्षी आहे.

पोर्टफोलिओत तुम्ही कॉफी शॉपची वेबसाइट ठेवली आहे, आणि तुमच्या बॅचमधल्या सगळ्यांचीच तशी असेल. ती काढून टाका. तीन कामं पुरेत, पण ती खरी हवीत. एक म्हणजे एखाद्या संस्थेचा जुना अहवाल: परवानगी घेऊन त्याची दहा पानं युनिकोडमध्ये आणा आणि मोबाइलवर नीट वाचता येतील अशी मांडा. दुसरं, एखाद्या टॉवेलच्या किंवा गणवेशाच्या कारखान्याचा कॅटलॉग, फोटो तुमच्याच फोनवरचे चालतील. तिसरं काम सुगम्यतेचं, म्हणजे दिव्यांगांनाही वेबसाइट वापरता येईल असं बघण्याचं. मजकूर आणि पार्श्वभूमीच्या रंगांत किमान ४.५ ला १ एवढा उठाव, चित्रांना पर्यायी मजकूर, माउसशिवाय नुसत्या कीबोर्डवर भरता येणारा फॉर्म. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सुगम्यतेची अट आहे, सरकारी वेबसाइटच्या मार्गदर्शक तत्त्वांत आहे, आणि एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. सरकारी कंत्राटं घेणाऱ्या एजन्सींना हे जाणणारी आणि मराठी शुद्ध लिहिणारी माणसं लागतात. प्रत्येक कामाखाली चार-पाच ओळी लिहा: आधी काय अडचण होती, तुम्ही काय केलं, का केलं. मी स्वतः पोर्टफोलिओ बघते तेव्हा चित्रांपेक्षा या ओळी आधी वाचते.

सोलापुरात काम आहे का? पोर्टलवर शोधाल तर नाही. तुमच्या जुन्या वहीत शोधाल तर आहे. अठरा वर्षांत कोणाचं लेटरहेड, कोणाचं बिलबुक, कोणाचा कॅटलॉग तुमच्या हाताखालून गेला, ती नावं आज रात्री लिहून काढा. चिंचोळी आणि अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतले चादर-टॉवेलवाले त्यात असतील. आपल्या शहराचा गणवेशाचा धंदा परराज्यांत जातो. तिकडचा व्यापारी माल मागवण्याआधी फोनवर काहीतरी बघायला मागतो, आणि त्याला व्हॉट्सॲपवर पन्नास फोटो पाठवले जातात. पंढरपूर, अक्कलकोट, तुळजापूरची लॉज आणि भक्तनिवासं आहेत. डाळिंबाची रोपं विकणारे नर्सरीवाले आहेत. यांच्याकडे जाताना ‘वेबसाइट करून देते’ म्हणत जाऊ नका. ते वाक्य त्यांनी दहा जणांकडून ऐकलं आहे आणि दोघांकडून फसले आहेत. त्यांच्याच कॅटलॉगचं एक पान करून न्या आणि त्यांच्याच फोनवर उघडून दाखवा.

वेळ साधा. सहकारी संस्थांच्या सर्वसाधारण सभा सप्टेंबरअखेरपर्यंत व्हाव्या लागतात, म्हणजे अहवालाचं बोलणं जूनमध्येच सुरू करायला हवं. शाळा उघडायच्या तोंडावर गणवेशवाल्यांना मान वर करायला फुरसत नसते, त्यांना दिवाळीनंतर भेटा. आणि यजमानांच्या पतसंस्थेपासून सुरुवात करू नका. पैसे मागायला संकोच होईल, आणि एखादी चूक झालीच तर बोलणी त्यांना खावी लागतील.

नोकरीच हवी असेल तर आणखी एक दार आहे, ते तुमच्या कोर्समध्ये दाखवलेलं दिसत नाही. ई-पुस्तकाची ईपब फाइल आतून एचटीएमएल आणि सीएसएसच असते, एकत्र बांधलेली. पुण्या-मुंबईच्या प्रकाशकांना मराठी ईपब करून देणारी माणसं लागतात आणि ते काम घरून करता येतं. डीटीपी आणि वेब दोन्ही येणारी माणसं फार नसतात. महिन्याला पोर्टलवर वीस अर्ज टाकण्याऐवजी पाच प्रकाशकांना पत्र लिहा, सोबत एका प्रकरणाचा नमुना जोडा.

मुलाखतीत तुम्हाला विचारलं गेलं की वयाने लहान माणसाच्या हाताखाली काम जमेल का, आणि तुम्ही नुसतं ‘हो’ म्हणालात. पुढच्या वेळी प्रसंग सांगा. कॉलेजच्या वार्षिक अंकाचा विद्यार्थी संपादक एकोणीस वर्षांचा असायचा, त्याने आठ वेळा मुखपृष्ठ बदलायला लावलं आणि अंक तरीही वेळेवर निघाला, असं तुम्हीच पत्रात लिहिलं आहे. हेच तिथे बोला.

पैशांबद्दल थोडक्यात, पण यातलं काही सोडू नका. कामाआधी ४० टक्के घ्या, डिझाइन पसंत पडल्यावर ४० आणि साइट सुरू होण्याआधी उरलेले २०. डोमेन आणि होस्टिंग ग्राहकाच्या नावावर, त्याच्याच ईमेलने घ्या. तुमच्या नावावर घेतलंत तर पुढे भांडण ठरलेलं. मजकूर कोण देणार आणि किती दिवसांत, हे कागदावर आणा, कारण काम रखडतं ते बहुतेक वेळा तिथेच. वर्षभराच्या देखभालीचा आकडा पहिल्याच दिवशी सांगा. लहान उद्योगांची उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर मोफत होते, कुणाला पैसे देऊ नका. ती असली की ग्राहकाला करारानेही ४५ दिवसांपेक्षा जास्त उधारी मागता येत नाही, लेखी करार नसेल तर १५ दिवसच. सेवांची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेतो जीएसटीची काळजी नको.

राहिली ती १७ हजारांची नोकरी. ती घ्या, ताई. छापखान्यात परत जाणं म्हणजे हरणं, असं तुमच्या पत्रात दोनदा आलं आहे. मला तसं वाटत नाही, आणि घरात एकच पगार असताना तुम्ही त्या ओझ्याखाली ग्राहकाशी बोलायला जाऊ नये. रिकाम्या हाताने गेलेला माणूस पहिल्याच भेटीत भाव पाडतो. पण होकार देण्याआधी मालकांशी दोन गोष्टी बोला. एक, सकाळी दहा ते तीन अशी वेळ आणि त्याप्रमाणे कमी पगार चालेल का. दुसरी, त्यांच्याकडे छपाईला येणाऱ्या ग्राहकांना अहवालासोबत किंवा कॅटलॉगसोबत वेबचं पानही देऊ, त्यातला ठरलेला वाटा त्यांचा. हे उघड बोला; त्यांचे ग्राहक मागच्या दाराने तुमच्याकडे यावेत असं होऊ देऊ नका, सोलापूर त्यासाठी फार लहान आहे. छपाई कमी होत चालल्याची चिंता त्यांनाही असणार. तुमचा पहिला भागीदार कदाचित तेच असतील.

त्यांना या महिनाअखेरपर्यंत उत्तर द्यायचं आहे असं तुम्ही लिहिलं आहे. मग आधी ती नावांची यादी करा आणि यादी घेऊनच भेटायला जा. बायोडेटा नव्याने लिहिलात की मला पाठवा. त्यात लग्नपत्रिकेच्या तीन भाषा दिसल्या पाहिजेत.