टाइप जुळत नाहीत, मग लग्न करायचं की नाही?

"आमचे टाइप जुळत नाहीत, मग पुढं जायचं की थांबायचं?" मी जोडप्यांचं समुपदेशन करते, आणि हा प्रश्न हल्ली पंचविशीतल्या मुलामुलींकडून वरचेवर येतो. टाइप म्हणजे माणसाच्या स्वभावाचा ठरवून दिलेला प्रकार. पत्रिका घेऊन आईवडील पूर्वीही यायचे, अजूनही येतात. ही मुलं मात्र स्वतःहून येतात, आणि बहुतेकदा घरात न सांगता. त्यांचा प्रश्न हसण्यावारी नेऊ नये असं मला मनापासून वाटतं. ज्याच्याबरोबर आयुष्य काढायचं त्या माणसाबद्दल पोटात गोळा आलेला असतो, आणि तो सांगायला त्यांना टाइपची भाषा हाताशी मिळालेली असते.

कोल्हापुरातल्या एका जोडीची गोष्ट सांगते. दोघांची परवानगी आहे. नावं देत नाही आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ती गुजरीतल्या एका सराफाकडं दागिन्यांची डिझाइनं करते. तो शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत मेल्टिंगला आहे. कॉलेजपासूनची ओळख, दोन्ही घरांची संमती, साखरपुड्याची तारीख तेवढी धरायची राहिलेली. आईनं गुण बघून घेतले होते, ३६ पैकी २५ आले. किमान १८ लागतात, त्यामुळं घरात सगळे निवांत. मुलीची झोप मात्र उडालेली.

"मॅडम, मी लई वाचलोय यावर," ती खुर्चीत बसता बसताच म्हणाली. "आम्ही कॉन्फ्लिक्ट पेअर आहे. सगळ्यात वाईट जोडी."

ती ज्या पद्धतीबद्दल बोलत होती तिला सोशिऑनिक्स म्हणतात. कार्ल युंग यांचं मानसिक प्रकारांवरचं पुस्तक १९२१ मध्ये आलं. त्याच्या आधारानं अमेरिकेत कॅथरीन ब्रिग्ज आणि त्यांची मुलगी इझाबेल मायर्स यांनी १६ प्रकारांची प्रश्नावली तयार केली, ती एमबीटीआय. कंपन्यांच्या ट्रेनिंगमुळं ती आपल्याकडं बऱ्याच जणांना ठाऊक आहे. लिथुआनियात १९७० च्या दशकात आउश्रा ऑगुस्तिनाविच्यूते यांनी युंगचाच धागा धरून १६ प्रकार मांडले, आणि कुठल्या प्रकाराचं कुणाशी कसं जमेल याचं कोष्टकच घातलं. प्रत्येक प्रकाराला एक पूरक जोडीदार असतो, त्याला ड्युअल म्हणतात. आणि एक अजिबात न जमणारा असतो, तो कॉन्फ्लिक्टर. प्रकारांना टोपणनावं आहेत: हॅम्लेट, डॉन किहोते, नेपोलियन, दोस्तोयेव्स्की, झुकोव्ह. काही कथेतली पात्रं, काही खरी माणसं.

ती स्वतः दोस्तोयेव्स्की निघाली होती. हळवी, दुसऱ्याचं मन जपणारी, कुणी आवाज चढवला की आत मिटून जाणारी. तो झुकोव्ह. दुसऱ्या महायुद्धातल्या सोव्हिएत मार्शलचं नाव असलेला हा प्रकार जोरकस आणि हुकमी मानतात. कोष्टकात या दोघांसमोर खरोखरच कॉन्फ्लिक्ट लिहिलेलं आहे. मुलगी मनानं काही रचत नव्हती.

पण तो झुकोव्ह आहे हे ठरवलं कुणी? तिच्या मित्रमैत्रिणींच्या घोळक्यानं. ही मंडळी रोज रात्री मालिकांतली, जपानी ॲनिमेतली, महाभारतातली पात्रं घेऊन वाद घालतात. अर्जुन कुठला टाइप, कर्ण कुठला, द्रौपदीचं खरं कुणाशी जमलं असतं. सोशिऑनिक्सवाल्यांत चेहऱ्यावरून टाइप ओळखण्याचीही एक पद्धत आहे, ती या मंडळींनी उचललेली. तिनं मला मोबाईलवर एक चित्र दाखवलं. मधोमध त्याचा फोटो, भोवती मार्शल झुकोव्ह, दोन ॲनिमे पात्रं आणि कॅलेंडरवरचा गदाधारी भीम. जबड्यापासून जबड्यापर्यंत, भुवईपासून भुवईपर्यंत बारीक लाल बाण काढलेले. डिझाइन करणाऱ्या हाताचं नेटकं काम होतं. ते तिनं किती रात्री जागून केलं असेल, या विचारानं मलाच गलबलून आलं.

फोटो कामावरचा होता. डोक्यावर हेल्मेट, फर्नेसचा उजेड खालून तोंडावर, दात आवळलेले. ओतायचं लोखंड साधारण १४०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेलं असतं. त्याच्यासमोर उभं राहून कुणाचा चेहरा हळवा दिसेल? मी तिला त्याचे आणखी फोटो दाखवायला सांगितले. रंकाळ्यावर पुतणीला खांद्यावर घेतलेला एक निघाला. २०१९ च्या महापुरात रेनकोट घालून कुणाची तरी शेळी उचलून नेतानाचा एक. आणि एक पासपोर्ट साइज, ज्यात तो दहावीच्या निकालाला घाबरलेल्या पोरासारखा दिसत होता. "हे दाखवलेस का ग्रुपला?" "नाही. तो एकच टाकला. त्यात चेहरा नीट दिसतो म्हणून."

प्रिन्स्टन विद्यापीठात जॅनिन विलिस आणि अलेक्झांडर टोडोरोव्ह यांनी २००६ मध्ये दाखवून दिलं की अनोळखी चेहरा सेकंदाचा दहावा भाग दिसला तरी माणसाचं मत बनून जातं. जास्त वेळ बघायला दिला तरी ते मत फारसं बदलत नाही, फक्त आपली खात्री वाढते. त्या ग्रुपवर हेच चाललं होतं. जितका वाद लांबला तितकी सगळ्यांची खात्री वाढत गेली.

"पण मॅडम, माझं वर्णन वाचलं तर शब्दन् शब्द मीच." हेही मी पुष्कळांकडून ऐकते. बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञानं १९४८ मध्ये ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला 'तुझं व्यक्तिचित्र' म्हणून एक उतारा दिला. तो कितपत लागू पडतो याला मुलांनी पाचपैकी सरासरी चारच्या वर गुण दिले. उतारा सगळ्यांना एकच होता, आणि त्यातली वाक्यं फुटपाथवरच्या राशिभविष्याच्या पुस्तकातून घेतलेली होती. हे सांगितल्यावर ती गप्प झाली. पटल्यासारखी वाटली, पण भीती काही कमी झाली नव्हती. आकडेवारीनं भीती जात नसते.

म्हणून मी तिच्याच भाषेत शिरले. ग्रुपनं भीमाला झुकोव्ह केलं होतं: ताकद भरपूर, भावना शून्य. मी तिला विराटपर्वातला प्रसंग आठवायला सांगितला. कीचकानं भर दरबारात द्रौपदीला लाथ मारली. धर्मराज तिथंच कंक बनून बसला होता, आणि तो तिला राणीकडं आत जायला सांगतो. रात्री ती उठून कुणाकडं जाते? संयमी युधिष्ठिराकडं जात नाही, अर्जुनाकडंही नाही. ती मुदपाकखान्यात जाते, बल्लव होऊन झोपलेल्या भीमाला उठवते. तो आधी तिचं सगळं ऐकून घेतो. राजासाठी चंदन उगाळून उगाळून तिच्या हाताला घट्टे पडलेले असतात. ते हात तो आपल्या चेहऱ्याशी धरतो आणि रडतो. कीचकाचं काय करायचं ते नंतर.

भीम रागीट नव्हता असं मला म्हणायचं नव्हतं. पात्राचा टाइप विचारला की एक शिक्का मिळतो, प्रसंग विचारला की ते पात्र कुणासमोर कसं वागलं हे दिसतं. पात्रांवर वाद घालायला मला स्वतःला आवडतं. गोपाळ गणेश आगरकरांनी केलेलं हॅम्लेटचं मराठी रूपांतर १८८३ मध्ये आलं. म्हणजे तेव्हापासून आपण मराठीतही हॅम्लेटच्या स्वभावावर बोलत आलोय, आणि एकमत काही होत नाही. लेखकानं लिहून संपवलेल्या माणसाबद्दलही एकमत होत नसेल, तर रोज शिफ्टला जाणाऱ्या जिवंत माणसाचा निकाल एका फोटोवर कसा लागावा?

मग तिला विचारलं, "तुझा असा प्रसंग कुठला, जिथं तो तुला जवळ हवा होता?"

उत्तर यायला वेळ लागला नाही. वडिलांच्या छातीत रात्री दुखायला लागलं, हॉस्पिटलला नेलं, अँजिओप्लास्टी करावी लागली. तो शिफ्ट सोडून आला. फाइल, औषधं, डिपॉझिट, सगळी धावपळ त्यानं केली. ती बाहेर बाकड्यावर बसून होती. तो आला आणि म्हणाला, "अजून किती भरायचेत?" मग चहा आणायला गेला. रात्रभर शेजारी येऊन बसला नाही. "मला पैसे नको होते, मॅडम. तो बसायला पाहिजे होता." ती बोलता बोलता रडायला लागली. झुकोव्ह हे नाव तिला यानंतर सापडलं होतं. दुखणं आधीचं होतं.

पुढच्या वेळी दोघं आले. टाइपबद्दल त्याला काहीच माहीत नव्हतं. तिनं हळूहळू सगळं सांगितलं, चित्रही दाखवलं. मला वाटलं होतं तो चिडेल किंवा हसेल. त्यानं मोबाईल परत दिला आणि विचारलं, "हे किती जणांनी बघितलं?" मग बराच वेळ काही बोलला नाही. शेवटी म्हणाला, "माझ्याबद्दल काय वाटत होतं तर मला विचारायचं की. त्यांना कशाला?"

इथं मी थोडी थांबते, कारण टाइपच्या चर्चेत हा मुद्दा कुणी काढतच नाही. कथेतल्या पात्राची चिरफाड केली तर कुणाला लागत नाही. आपल्या माणसाचा फोटो त्याला न विचारता दहाजणांसमोर ठेवायचा आणि त्याच्या जबड्यावरून त्याचं मन ठरवायचं, यानं जे तुटतं ते कुठल्याही कॉन्फ्लिक्टरमुळं तुटण्यापेक्षा जास्त असतं. तिला ते त्याच क्षणी कळलं. "चुकलं माझं," एवढंच ती म्हणाली, आणि त्यानंही ताणलं नाही. मी मात्र ते तसंच गुंडाळू दिलं नाही. आता त्याला तिच्याकडून काय हवं आहे, हे त्याच्या तोंडून येऊ दिलं. फोटो सगळीकडून काढायचा आणि यापुढं दोघांतलं भांडण बाहेर न्यायचं नाही, असं त्यानं सांगितलं. जीव नकोसा झाला तर एका मैत्रिणीशी बोलायला त्याची हरकत नव्हती. ग्रुप नको.

मग त्या रात्रीचा विषय निघाला. तो एकोणीस वर्षांचा असताना त्याचे वडील हॉस्पिटलमध्येच गेले. सगळे नातेवाईक बाहेर रडत बसलेले, आणि बिलासाठी पैसे गोळा करत हा एकटा गावभर फिरत होता. "तवाच ठरवलं, आपल्या माणसावर ही वेळ येऊ द्यायची न्हाई." इतक्या वर्षांच्या ओळखीत हे त्यानं तिला कधी सांगितलं नव्हतं. तिनं विचारलं नव्हतं असं नाही, पण वडिलांचा विषय निघाला की तो उठून जायचा. त्याच्या लेखी डिपॉझिट भरणं म्हणजेच शेजारी बसणं होतं. कुठल्याही प्रश्नावलीत हे आलं नसतं.

कोष्टकांबद्दल माझं मत स्पष्ट आहे. सामंथा जोएल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० मध्ये ४३ अभ्यासांतल्या ११,१९६ जोड्यांची माहिती एकत्र तपासली. नात्यातलं समाधान कशावरून जास्त सांगता येतं? जोडीदार आपल्याला धरून राहील असं वाटतं का, त्याला आपली किंमत आहे असं वाटतं का, भांडणं कशी होतात, अशा त्या नात्यातल्याच गोष्टींवरून. दोघांचे स्वभाव वेगवेगळे मोजून त्यापेक्षा बरंच कमी कळलं. जॉन गॉटमन यांचा जोडप्यांवरच्या संशोधनातला आकडाही मी जोडप्यांना नेहमी सांगते. नवराबायकोच्या मतभेदांपैकी सुमारे ६९ टक्के कधीच सुटत नाहीत, चांगल्या चाललेल्या संसारांतही. ते सुटावेत म्हणून ड्युअल शोधत बसलं तर शोध संपणार नाही.

एका बाबतीत मात्र मी कडक आहे. "तो झुकोव्हच आहे, त्याचा स्वभावच तसा," असं म्हणत कुणी मारहाण, शिवीगाळ, मोबाईल तपासणं, पगार काढून घेणं, मैत्रिणी तोडायला लावणं सोसत असेल, तर तिथं टाइपची चर्चा लगेच बंद करायची. आपल्या माणसाची भीती वाटत असेल तर कुठलंही कोष्टक, ३६ गुणांचंही, कामाचं नाही. महिलांसाठी १८१ आणि तातडीच्या वेळी ११२ हे क्रमांक आहेत. या मुलीला मी पहिल्याच भेटीत, एकटी असताना हे स्पष्ट विचारलं होतं. त्याची भीती वाटते का? ती लगेच "नाही" म्हणाली होती, आणि मग जरा थांबून, "त्याच्या गप्प बसण्याची वाटते."

त्याचं गप्प बसणं अजून गेलेलं नाही. भांडण झालं की तो विझल्यासारखा होतो, आणि ती आठवड्यापूर्वीचं उकरून काढते. जो थांबेल त्यानं पुन्हा कधी बोलायचं ते सांगूनच थांबायचं, एवढं दोघांनी ठरवलंय. "रात्री जेवल्यावर बोलू" म्हणाला तर रात्री जेवल्यावर बोलायचं. साखरपुडा त्यांनी दिवाळीनंतर ठेवायला सांगितला. घरच्यांना थोडं लागलं, पण ऐकलं.

ग्रुप सोडू का, असं तिनं विचारलं होतं. मी नको म्हणाले. पात्रांवर बोलण्यात तिचं डोकं फार छान चालतं, आणि कर्णाच्या टाइपवरून कुणाचं काही बिघडत नाही. टाइप ठरवायची प्रश्नावलीही टाकून द्यायला सांगितली नाही. ती दोघांनी मिळून भरायला लावली, पण उलटी: तिनं त्याच्या जागी उत्तरं द्यायची, त्यानं तिच्या. गर्दीत उत्साह वाटतो का, या प्रश्नाला तिनं त्याच्यासाठी बेधडक 'हो' लिहिलं. जोतिबाची यात्रा, गणपतीची मिरवणूक, हा सगळीकडं पुढं असतो. तो म्हणाला, "न्हाई. पोरं बोलावतात म्हणून जातो. घरी आलो की डोकं धरून झोपतो." तिला खरंच वाटेना. मिरवणुकीच्या दुसऱ्या दिवशी तो फोन का उचलत नाही, यावरून दरवर्षी दोघांचं भांडण व्हायचं. त्या एका प्रश्नावर ते इतकं बोलत बसले की बाकीची प्रश्नावली कोरीच राहिली.