वाचकांचे प्रश्न : आजोबांचं रिव्हॉल्वर, गोळी कोणती?

(पोलीस शस्त्रागारातून निवृत्त झालेले आमचे आर्मरर शस्त्र परवानाधारकांच्या शंकांना उत्तरं देतात. या अंकात जुनी रिव्हॉल्वरं.)

प्रश्न : आजोबांचं वेब्ली रिव्हॉल्वर माझ्या नावावर झालं. लायसनवर '३८० बोर' आहे. नळीपाशी '.३८' आणि '१४५/२००' असं कोरलंय. दुकानातून लायसन दाखवून ३८० ची काडतुसं आणली, पण ती चेंबरमध्ये बुडतात. शेतात दोन वाजवून पाहिली, घोडा पडतो पण बार होत नाही. आमचे पाहुणे म्हणतात, ३८ स्पेशल आण. खरी गोळी कोणती आणि भेटेल कुठे? – एक वाचक, अमळनेर

उत्तर : भाऊ, शेतात वाजवून पाहिलं हे मी वाचलंच नाही असं समजतो. बार झाला नाही हे बरंच झालं.

तुम्हाला मिळालेलं काडतूस पिस्तुलाचं आहे. ३८० नावाची दोन काडतुसं आहेत आणि त्यांचं एकमेकांशी काही नातं नाही. पिस्तुलाच्या ३८० ला पेंद्याशी बाहेर आलेली कड नसते, कारण ते मॅगझिनमधून सरकत वर यायचं असतं. रिव्हॉल्वरच्या काडतुसाला कड हवीच, तिच्यावरच ते चेंबरच्या तोंडाशी अडकून राहतं. कड नसली की काडतूस पुढे घसरतं आणि घोड्याची सुई टोपीपर्यंत पोचत नाही. चुकून पोचली, तर मागून आधार नसलेलं पितळ फाटून गॅस तुमच्या हातातोंडाकडे येतो.

तुमच्या वेब्लीचं काडतूस म्हणजे ३८ स्मिथ अँड वेसन. इंग्रजांच्या फौजेत त्यालाच '३८० रिव्हॉल्वर' म्हणत आणि आपल्याकडच्या जुन्या कागदांवर तेच नाव उतरलं. १४५/२०० हा मॉडेल नंबर नव्हे, कोणत्या वजनाची गोळी चालेल ते ग्रेनमध्ये लिहिलंय. २०० ग्रेन म्हणजे साधारण १३ ग्रॅम शिसं. सुरुवातीची फौजी गोळी हीच होती. पुढे तिच्या जागी १७८ ग्रेनची, वर धातूचं कवच असलेली आली.

आता पाहुण्यांचं ३८ स्पेशल. त्याचं नळकांडं, म्हणजे काडतुसाचं पितळी अंग, २९ मिमीच्या वर लांब, तुमचं २० मिमीच्याही आतलं. शिवाय स्पेशल अंगाने किंचित बारीक आहे. मूळ चेंबरमध्ये ते पूर्ण बसतच नाही. घोळ होतो तो आतून वाढवलेल्या चेंबरमध्ये. दुसऱ्या महायुद्धातली स्मिथ अँड वेसनची कित्येक 'व्हिक्टरी' रिव्हॉल्वरं नंतर स्पेशलसाठी लांब करून विकली गेली. त्यात स्पेशल जातं, बारही होतो, आणि नळकांडं पोटाशी फुगून किंवा चिरून बाहेर येतं. तुमच्या वेब्लीत स्पेशल सहज गेलं, तर आनंदू नका. कुणीतरी आधी कारागिरी केली आहे असा त्याचा अर्थ.

मिळेल कुठे? परदेशी शस्त्रं आणणं सामान्य परवानाधारकाला ऐंशीच्या दशकापासून बंद झालं, त्यामुळे अशा बोरांची काडतुसं ज्याच्याकडे शिल्लक त्याच्याकडेच. पुण्या-मुंबईच्या जुन्या गन हाऊसना लायसनची झेरॉक्स जोडून पत्र टाका. पत्रात '३८०' लिहून थांबू नका. 'रिव्हॉल्वरचं, कडवालं, ३८ स्मिथ अँड वेसन, स्पेशल नको' एवढं सगळं लिहा. घरात आजोबांच्या वेळचं रिकामं नळकांडं सापडलं तर सोन्यासारखं जपा आणि दुकानदाराला तेच दाखवा. खान्देशातले लोक इंदूरला सहज जातात, म्हणून सांगतो, आधी लायसनची हद्द वाचा. महाराष्ट्रापुरती असेल तर सरहद्द ओलांडू नका. आणि लायसनवर पी.बी. (प्रतिबंधित बोर) लिहिलंय की एन.पी.बी. (अप्रतिबंधित बोर) तेही पाहा. आकड्यांचा घोळ कागदावरही झालेला असू शकतो, तो जिल्हाधिकारी कार्यालयातल्या शस्त्र परवाना शाखेत आधी निस्तरा, काडतूस नंतर.

प्रश्न : आम्ही भुसावळ तालुक्यातले. वरणगावला एवढा काडतुसांचा कारखाना, आणि आम्हाला ३२ च्या गोळ्यांसाठी वणवण का? – एक वाचक

उत्तर : वरणगावचा माल फौजेचा. ५.५६ आणि ७.६२ च्या रायफलींची काडतुसं तिथे बनतात, तुमच्या कामाची नाहीत. ३२ रिव्हॉल्वरची देशी काडतुसं खडकीची; तो कारखाना १८६९ चा. २०२१ पासून दोन्ही म्युनिशन्स इंडिया या एकाच सरकारी कंपनीत आहेत, पण गोळी तुमच्या हातात येते ती परवानाधारक दुकानातूनच.

तुम्ही विचारलं नाही, तरी ३२ बद्दल सांगतोच, कारण खरा धोका इथे आहे. ३८० चुकलं तर निदान बसत नाही. ३२ चुकलं तरी बसतं! ३२ शॉर्टचं नळकांडं १५ मिमीच्या आसपास, ३२ लाँगचं २३ च्या. कानपूरच्या सरकारी कारखान्यातल्या रिव्हॉल्वरला लाँग लागतं. त्यात शॉर्ट टाकलं तरी बिघडत नाही. पण ३२ पिस्तुलाच्या काडतुसाला, म्हणजे ज्याला ७.६५ म्हणतात त्याला, थोडीशी कड असते आणि अंगाची जाडी लाँगएवढीच. ते जुन्या रिव्हॉल्वरमध्ये टपकन बसतं. त्याचा दाब मात्र बराच जास्त. मान मोडून उघडणारं, आजोबांच्याही आधीचं बिजागरीचं रिव्हॉल्वर त्यासाठी बनलेलं नाही. बिजागरी हळूहळू ढिली पडते, कधी सिलिंडरच तडकतं. दुकानात नुसतं 'बत्तीसची द्या' म्हणणाऱ्याला मी दारात उभा केला नसता.

प्रश्न : भाऊ, सासरे वारले. त्यांच्या कपाटात लहानसं इंग्लिश रिव्हॉल्वर आहे, लायसनवर ३२० बोर. मळ्यात बिबट्याचा वावर आहे, म्हणून गोळ्या आणून ठेवाव्यात असं घरचे म्हणतात. एक कारागीर ३२ ची गोळी बसेल असं करून देतो म्हणाला. – एक वाचक भगिनी, शहादा

उत्तर : ताई, कारागिराला आधी नाही म्हणा. ३२० आणि ३२ मध्ये फक्त शून्याचा फरक दिसतो, पण ३२ चं नळकांडं जाड आहे. बसवायचं तर चेंबर घासावं लागेल. तेवढ्याने आधीच पातळ भिंत आणखी पातळ होईल. शिवाय असा फेरबदल परवान्याशिवाय करणं हा शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे, करणाऱ्याचाही आणि करवून घेणाऱ्याचाही. ३२० हे काळ्या दारूच्या जमान्यातलं काडतूस. नळीवर मुकुटाखाली 'एनपी' अशी अक्षरं नसतील, तर बिनधुराच्या, म्हणजे आजच्या, दारूची चाचणी त्या शस्त्राने दिल्याची खूण नाही असं धरा. आणि बिबट्याचं म्हणाल, तर असल्या खेळण्याने तो नुसता चिडेल. वनखात्याला कळवा, रात्री पाणी भरायला दोघं जा.

तातडीचं काम वेगळंच आहे. सासऱ्यांबरोबर त्यांचं लायसन संपलं. शस्त्र कपाटात राहू देऊ नका. शस्त्र कायद्याच्या कलम २१ प्रमाणे ते विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानात जमा करून पावती घ्या. ज्याला ठेवायचंय त्याने २०१६ च्या शस्त्र नियमांखाली वारस म्हणून अर्ज करावा. (सासरे हयात असतानाही हे होऊ शकलं असतं, परवानाधारक ७० वर्षांचा झाला किंवा शस्त्र २५ वर्षं त्याच्याकडे असलं की चालतं. इतरांनी नोंद घ्यावी.) अर्जदाराच्या नावावर आधीच दोन शस्त्रं असतील तर जमणार नाही, २०१९ पासून मर्यादा दोनचीच आहे. नुसती आठवण हवी असेल, तर परवानगी काढून ते कायमचं निकामी करून घेण्याचं शस्त्र शाखेत विचारा.

प्रश्न : दसऱ्याला शस्त्रपूजा करताना जुन्या डब्यात हिरवी पडलेली काडतुसं निघाली, पेंद्यावर 'केएफ' लिहिलंय. एखादी वाजवून पाहावी का? – एक वाचक, दोंडाईचा

उत्तर : नाही. केएफ म्हणजे खडकी, माल अस्सल, पण हिरवा रंग म्हणजे पितळ कुजलंय. जुन्या फौजी टोप्यांमधल्या क्षाराने नळी गंजते ते निराळंच. पेंद्यावर 'झेड' असेल तर आत कॉर्डाइटऐवजी नायट्रोसेल्युलोज दारू, एवढंच त्यातून कळतं. दारू अजून शाबूत आहे का ते कळत नाही. सणाच्या आनंदात बार काढला आणि कुणाच्या जिवाला धोका झाला, तर शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. घासू नका, तेल लावू नका, तापीत किंवा विहिरीत टाकू नका. काडतुसं जागेवरच राहू द्या, लायसन घेऊन ठाण्यात जा आणि जमा कशी करायची ते ठाणे अंमलदाराला विचारा. पावतीवर नगांचा आकडा तुमच्यासमोर लिहून घ्या.