हरवलेलं पिस्तूल आणि ‘हिसकावलं’ असं लिहायचा सल्ला

प्रश्न : मी जिल्हा पोलीस मुख्यालयात हवालदार आहे, नोकरी 19 वर्षं झाली. येरवडा कारागृहात कैदी पोचवून मी आणि सोबतचा अंमलदार रात्रीच्या एसटीने परत येत होतो. आदल्या पहाटेपासून ड्युटीवर होतो, गाडीत डोळा लागला. उतरताना पाहिलं तर होल्स्टर रिकामं. पिस्तूल, मॅगझिन आणि दहा राउंड गेले. होल्स्टरचं बटण तुटलेलं होतं, ते मी शस्त्रागारात तोंडी सांगितलं होतं. लॅनयार्ड (पिस्तूल अंगाशी बांधून ठेवायची दोरी) मिळालीच नव्हती. घाबरून आधी स्वतःच शोधत बसलो, वरिष्ठांना कळवायला दुपार झाली. पोलीस ठाण्यात फक्त ‘गहाळ’ अशी नोंद आहे. आता निलंबित आहे, कारणे दाखवा नोटीस आली आहे, हत्याराची किंमत भरा म्हणतात. एक सहकारी सांगतो, ‘मोटारसायकलवरच्या दोघांनी हिसकावलं असं लिही, सुटशील.’ सैन्यातला भाऊ म्हणतो, पाच वर्षं आत जाशील. रात्र रात्र झोप नाही. काय करू?

उत्तर : हवालदारसाहेब, सहकाऱ्याने सांगितलेलं ते एक वाक्य कुठेही लिहू नका. बाकीच्या गोष्टी निस्तरता येतील, ती येणार नाही.

कारण असं. 2019 च्या दुरुस्तीनंतर शस्त्र अधिनियमात कलम 25(1एबी) आलं आहे. पोलिसाकडून किंवा सैनिकाकडून बळजबरीने हत्यार घेतलं तर किमान दहा वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप. तुम्ही ‘हिसकावलं’ म्हटलंत की तपास त्याच वजनाने होणार. कंडक्टरचा जबाब, बसस्थानकाचं सीसीटीव्ही, तुमच्या मोबाइलचं लोकेशन, सोबतच्या अंमलदाराची साक्ष, यांपैकी एकही गोष्ट त्या कथेशी जुळणार नाही. एखादा निरपराध पोरगा संशयावरून उचलला गेला तर त्याचं पाप वेगळंच. खोटी माहिती देणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 217 खाली गुन्हा आहे, शिक्षा एक वर्षापर्यंत. आज तुमच्या विरोधात हलगर्जीपणा आहे, अप्रामाणिकपणा नाही. खोटं लिहिलंत की तोही तुम्ही स्वतःच्या हाताने जोडून द्याल.

आता तुरुंगाची भीती. तुमचे बंधू सांगतात ते त्यांच्यापुरतं बरोबर आहे. सेना अधिनियम 1950 च्या कलम 54 मध्ये हत्यार निष्काळजीपणाने हरवणं हाच गुन्हा आहे आणि कोर्ट मार्शलमध्ये पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ते कलम तुम्हाला लागू नाही. शस्त्र अधिनियमाच्या कलम 45 नुसार लोकसेवकाने कर्तव्यावर बाळगलेलं हत्यार त्या कायद्याच्या बाहेर राहतं, त्यामुळे विनापरवाना शस्त्राचं कलम तुमच्यावर येत नाही. ते येईल ज्याच्याकडे तुमचं पिस्तूल सापडेल त्याच्यावर. लोकसेवकाने केलेल्या विश्वासघाताच्या कलमाला अप्रामाणिक हेतू लागतो, तो इथे नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 145 मध्ये कर्तव्यात कसूर केल्याबद्दल तीन महिन्यांपर्यंत कैद आहे, पण नियम किंवा आदेश न पाळल्याचा जो भाग तिथे आहे, त्यात कसूर जाणूनबुजून केलेली असावी लागते. डोळा लागणं म्हणजे जाणूनबुजून नव्हे.

खरी लढाई विभागीय चौकशीत आहे. मुंबई पोलीस (शिक्षा व अपिले) नियम, 1956 खाली वेतनवाढ रोखण्यापासून बडतर्फीपर्यंत काहीही होऊ शकतं. तुमच्या उपयोगाचा निकाल 1979 चा आहे : भारत सरकार विरुद्ध जे. अहमद. आसाममधल्या एका उपायुक्तांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की निव्वळ कार्यक्षमतेतली उणीव किंवा साधा निष्काळजीपणा म्हणजे गैरवर्तन नव्हे. परिणाम भरून न येणारा किंवा फार मोठा असेल तर मात्र तोही गैरवर्तन ठरतो. पण हेही लपवत नाही : पहाऱ्यावर झोपलेला आणि शत्रूला आत येऊ देणारा शिपाई हे उदाहरण त्याच निकालात आहे, आणि चौकशी अधिकारी नेमकं तेच तुमच्यापुढे धरतील. म्हणून हत्यार सापडणं, निदान ते शोधायला तुम्ही काही शिल्लक ठेवलं नाही हे कागदावर असणं, तुमच्या नोकरीसाठी फार मोलाचं आहे.

तेव्हा आजच दोन अर्ज करा. एक एसटीच्या आगार व्यवस्थापकांना आणि मधल्या थांब्यावरच्या हॉटेलमालकाला, त्या रात्रीचं सीसीटीव्ही जपून ठेवा म्हणून. हे चित्रण आपोआप पुसलं जातं, तुमच्या चौकशीची वाट पाहत थांबत नाही. दुसरा पोलीस ठाण्याला. बाकावर, बाकाखाली, गाडीत कुठेच काही सापडलं नाही आणि मॅगझिनसकट पिस्तूल गेलं, यावरून चोरीचा संशय घ्यायला जागा आहे. तेवढंच लिहा : ‘पडलं की कोणी काढलं हे मला माहीत नाही, चोरीचा संशय आहे.’ सरकारी मालमत्तेची किंवा प्रवासी वाहनातली चोरी न्याय संहितेच्या कलम 305 मध्ये येते, सात वर्षांपर्यंतची शिक्षा आहे, दखलपात्र आहे. हद्दीचं कारण सांगून टाळलं तर झिरो एफआयआर, म्हणजे हद्द न पाहता कुठल्याही ठाण्यात नोंदवता येणारी फिर्याद, मागा.

आता तुमची सगळ्यात भक्कम बाजू. शस्त्र दिल्या-घेतल्याच्या नोंदवहीतल्या त्या दिवसाच्या पानाची प्रत लेखी मागा. पिस्तूल नंबर, मॅगझिन, राउंड, होल्स्टर यांच्यापुढे तुमची सही असेल; लॅनयार्ड तिथे लिहिलेलीच नसेल, तर ती खात्याने दिली नव्हती हे खात्याच्याच कागदावर सिद्ध झालं. पिस्तुलाला दोरी असती तर ते कमरेपासून सुटलंच नसतं. तुटक्या बटणाचं तोंडी सांगितलंत तेव्हा शेजारी कोण होतं ते आठवा आणि त्यांना साक्षीदार म्हणून बोलवायची मागणी करा. ते तुटकं होल्स्टर अजून तुमच्याकडे असेल तर पंचनामा करूनच जमा करा, नुसतं देऊन टाकू नका. ड्युटी वाटपाचं रजिस्टर आणि स्टेशन डायरी मागा, किती तास सलग जागे होतात ते त्यावरून निघेल. माणसाला इतके तास जागवून भरलेलं हत्यार कमरेला देऊन रात्रीच्या एसटीत बसवणं ही नुसती हवालदाराची चूक नाही, हे मी चौकशीत ठासून मांडलं असतं.

कळवायला झालेला उशीर ही तुमची दुबळी बाजू. तिला फाटे फोडू नका. किती वाजता लक्षात आलं, कोणाला विचारलं, कुठे शोधलं, सगळं वेळेनिशी लिहा. त्या सकाळी चहाचे पैसे फोनवरून दिले असतील तर ती नोंदही जोडा. उशीर शोधण्यात गेला, लपवण्यात नाही, हे त्यातून दिसेल.

किमतीबद्दल : नुकसानीची वसुली ही स्वतःच एक शिक्षा आहे. तुमचं म्हणणं ऐकल्याशिवाय ती लादता येत नाही. ‘पैसे भर, मिटवून टाकू’ म्हणून कोणी संमतिपत्र पुढे केलं तर सही करू नका. पैसे भरल्याने चौकशी थांबत नाही, उलट कबुली म्हणून ते पत्र वापरलं जातं. रक्कम कशी काढली ते लेखी मागा.

निलंबनात पहिले तीन महिने साधारण अर्धपगारी रजेइतका निर्वाह भत्ता मिळतो, पुढे तो वाढवता येतो. दुसरीकडे नोकरी करत नसल्याचं प्रमाणपत्र वेळच्या वेळी देत राहा, त्यावाचून भत्ता अडतो. 90 दिवसांत दोषारोपपत्र मिळालं नाही, तर सामान्य प्रशासन विभागाच्या 9 जुलै 2019 च्या शासन निर्णयाचा आधार घेऊन निलंबन मागे घ्यायचा अर्ज करा; त्याच्या मुळाशी अजयकुमार चौधरी प्रकरणातला 2015 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे. चौकशी न करताच बडतर्फ केलं, तर संविधानाच्या अनुच्छेद 311(2) चा, म्हणजे चौकशी आणि बाजू मांडायची संधी मिळायच्या हक्काचा, मुद्दा उभा राहतो. आधी खात्यात अपील, मग मॅट, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण. अपिलाच्या अंतिम आदेशापासून एक वर्षात तिथे जायचं असतं.

नोटिशीच्या उत्तराची मुदत चुकवू नका. कागद मिळाले नसतील तर मुदत संपायच्या आत तसं लिहून वाढीव मुदत मागा आणि अर्जाच्या प्रतीवर आवक क्रमांक घ्या. उत्तर पाठवण्याआधी मसुदा सेवाविषयक प्रकरणं पाहणाऱ्या वकिलाला दाखवा. सोबतच्या अंमलदाराने प्राथमिक चौकशीत काय जबाब दिला आहे, त्याची प्रतही त्याच अर्जात मागून घ्या.