प्रश्न वाचकांचे : पंप पाच तास का चालतो?

प्रश्न : आमच्या सात मजली इमारतीत ६४ सदनिका आहेत. जिन्यातले सगळे दिवे आम्ही एलईडीचे केले, तरी सामायिक मीटरचे वीजबिल गेली दोन वर्षे वाढतच आहे. पाच अश्वशक्तीचा पाण्याचा पंप रोज साधारण पाच तास चालतो आणि सकाळी सुरू करताना वॉचमनला त्यात बादलीने पाणी ओतावे लागते. गच्चीवर ताबडतोब सौर पॅनेल बसवावीत, असे काही सभासदांचे म्हणणे आहे. आम्ही काय करावे?
— एका गृहनिर्माण संस्थेचे सचिव, ठाणे

उत्तर : आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्या बादलीत आहे. पंपात रोज पाणी भरावे लागते, याचा अर्थ खालच्या टाकीतल्या फूट व्हॉल्व्हमधून, म्हणजे पाइपच्या तळाशी पाणी परत जाऊ न देणाऱ्या झडपेतून, पाणी रात्रभर गळते आणि पाइप रिकामा होतो. व्हॉल्व्हच्या तोंडाशी अडकलेला प्लॅस्टिकचा एखादा तुकडाही त्याला पुरतो. पाइपमध्ये हवा राहिली की पंप फिरत राहतो, वीज खातो, पण पाणी मात्र अर्धेच चढवतो.

आता थोडा हिशेब करू. माणशी रोज १३५ लिटर पाणी या नेहमीच्या प्रमाणाने आणि घरटी चार माणसे धरली, तर आपल्याला दिवसाला सुमारे ३५,००० लिटर पाणी लागते. ते ३० मीटर उंच चढवायला निव्वळ शास्त्राप्रमाणे तीन युनिटांहूनही कमी वीज लागते. पंपाची व मोटारीची झीज, पाइपमधले घर्षण असे सगळे धरले, तरी सात-आठ युनिटांत हे काम व्हायला हवे. पाच अश्वशक्तीचा पंप ताशी साधारण साडेचार युनिट घेतो, म्हणजे त्याला दीड-पावणेदोन तास पुरेसे आहेत. आपला पंप पाच तास चालतो आणि रोज बावीस-तेवीस युनिट खातो. एकतर पंप दमला आहे किंवा चढवलेले पाणी कुठेतरी वाहून जाते आहे. बहुधा दोन्ही घडत असावे.

पंपाची परीक्षा घड्याळ लावून करता येते. वरची टाकी पाच मीटर लांब आणि तीन मीटर रुंद असेल, तर पाण्याची पातळी दहा सेंटिमीटर वाढायला १,५०० लिटर पाणी लागते. वापर अगदी कमी असताना पंप सुरू करून हा वेळ मोजावा. चांगल्या स्थितीतला पंप तेवढे पाणी साडेतीन-चार मिनिटांत चढवतो. दहा मिनिटे लागत असतील, तर फूट व्हॉल्व्ह, इम्पेलर (पाणी ढकलणारे आतले चाक) आणि ग्लँड (दांड्याजवळची गळती रोखणारा भाग) यांची तपासणी अनुभवी मेकॅनिककडून करून घ्यावी. इम्पेलर झिजलेला असेल आणि पंपच जुना असेल, तर दुरुस्तीवर पैसे न घालता स्टार लेबल असलेला नवा पंप घेणे श्रेयस्कर.

गळतीसाठी मात्र रात्री जागावे लागेल. पंप बंद ठेवून रात्री दोन वाजता टाकीत स्टीलची फूटपट्टी उभी धरून पातळी लिहून घ्यावी आणि पाच वाजता पुन्हा पाहावी. याच मापाच्या टाकीत एक सेंटिमीटर म्हणजे १५० लिटर. पातळी चार सेंटिमीटर उतरली, तर तीन तासांत ६०० लिटर पाणी गेले. त्यातले शे-दीडशे लिटर खऱ्या वापराचे धरले, तरी उरलेली गळती दिवसाला साडेतीन हजार लिटरच्या आसपास जाते. ही गळती बहुतेक वेळा फ्लशच्या टाक्यांत असते आणि ती आवाज करत नाही, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. प्रत्येक घरी फ्लशच्या टाकीत खायचा रंग चिमूटभर टाकावा. फ्लश न ओढता पंधरा मिनिटांत भांड्यात रंग उतरला, तर आतला वॉशर बदलायचा. वॉशर स्वस्त असतो, पण तो बदलायला सांगणारे कोणी नसते, ही खरी अडचण आहे.

सौर पॅनेल जरूर बसवावीत. पीएम सूर्यघर योजनेत गृहनिर्माण संस्थांच्या सामायिक सोयींसाठी प्रति किलोवॅट १८,००० रुपये अनुदान आहे. मात्र त्यांचा क्रम दुसरा असावा, असे माझे ठाम मत आहे. एक किलोवॅटची पॅनेल दिवसाला सरासरी चार युनिट देतात. आपला पंप रोज पंधरा युनिट वाया घालवत असेल, तर जवळजवळ चार किलोवॅटची पॅनेल केवळ त्या बिघाडाची भरपाई करायला बसवावी लागतील. आधी पंप नीट करा, मग उरलेल्या गरजेपुरती पॅनेल घ्या.

प्रश्न : आमच्या ३५० सदनिकांच्या संकुलात सांडपाणी प्रक्रिया केंद्र आहे. त्याचे वीजबिल फार येते, म्हणून ते रात्री बंद ठेवावे, असे कार्यकारिणीत सुचवले गेले आहे. यात काही गैर आहे का?
— एक कार्यकारिणी सदस्य, पुणे

उत्तर : गैर आहे, आणि त्यात बचतही नाही. या केंद्रातले खरे काम जिवाणू करतात आणि त्यांना सतत प्राणवायू लागतो. कित्येक तास हवा बंद राहिली, की टाकीतले पाणी काळे पडते, कुजका वास सुटतो, आणि मेलेली जिवाणूंची वसाहत पुन्हा उभी राहायला एक-दोन आठवडे जातात. तोवर न शुद्ध झालेले पाणी नाल्यात जाते. २०,००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या बांधकामांना २००६ च्या अधिसूचनेनुसार पर्यावरण मंजुरी घ्यावी लागते आणि हे केंद्र चालू ठेवणे ही त्या मंजुरीतली नेहमीची अट असते. शिवाय १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याखाली राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमतीही असते. बिल्डरने संकुल सोसायटीच्या ताब्यात दिल्यावर या जबाबदाऱ्या सोसायटीकडे येतात, हे अनेक कार्यकारिणींना नोटीस आल्यावरच कळते. मंजुरीपत्राची आणि संमतीपत्राची प्रत कार्यालयात असलीच पाहिजे. नसेल, तर आजच मागवावी.

वीज वाचवायची जागा ब्लोअरच्या, म्हणजे टाकीत हवा ढकलणाऱ्या यंत्राच्या, खोलीत आहे. ब्लोअरचे हवेचे फिल्टर धुळीने गच्च झालेले असतात, पट्टे सैल असतात, नळीच्या जोडांतून हवा फुसफुसत असते. साबणाचा फेस लावला, की बुडबुडे ती जागा लगेच दाखवतात. प्रेशर गेज हे तर केंद्राचे तापमापक आहे. डिफ्यूझरवर, म्हणजे टाकीच्या तळाशी हवेचे बुडबुडे सोडणाऱ्या भागांवर, तीन मीटर पाणी असेल, तर काटा दर चौरस सेंटिमीटरला ०.३ किलोच्या किंचित वर असावा. तो ०.४५ कडे सरकला असेल, तर डिफ्यूझर तुंबले आहेत आणि तेवढीच हवा ढकलायला ब्लोअर जास्त वीज खातो आहे. टाकीकडे नुसते पाहूनही समजते. निरोगी टाकीत दुधाच्या फेसासारखे बारीक बुडबुडे सर्वत्र सारखे येतात, पाणी तपकिरी असते आणि वास ओल्या मातीसारखा येतो. एकाच जागी उकळी फुटल्यासारखे दिसले, तर तिथला डिफ्यूझर फाटला आहे असे समजावे. ही कामे झाल्यावर प्राणवायू मोजून ब्लोअरचा वेग कमी-जास्त करणारी यंत्रणा बसवण्याचा विचार करता येईल, पण तोही तज्ज्ञाच्या देखरेखीखाली.

यात मिळकतही आहे. १३५ लिटरपैकी सुमारे ४५ लिटर पाणी फ्लशला जाते. आपल्या संकुलात ते दिवसाला साठ हजार लिटरच्या वर भरते. तेवढे पाणी केंद्रातून शुद्ध होऊन फ्लशला मिळाले, तर उन्हाळ्यात दहा हजार लिटरचे सहा टँकर रोज वाचतात. टँकरचे बिल आणि केंद्राचे वीजबिल एकाच कागदावर मांडून सभेपुढे ठेवावे.

प्रश्न : जनरेटरचे काढलेले ऑइल आणि जुन्या ट्यूबलाइट भंगारवाल्याला दिल्या तर चालतात का?
— एक खजिनदार, नाशिक

उत्तर : नाही. वापरलेले ऑइल २०१६ च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडते. ते अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यालाच द्यावे आणि पावती जपून ठेवावी. ट्यूबमध्ये पारा असतो, म्हणून त्या न फोडता खोक्यात ठेवून ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राकडे द्याव्यात. इन्व्हर्टरच्या बॅटऱ्यांसाठी २०२२ चे स्वतंत्र नियम आहेत. जाता जाता एक सांगतो. तुमच्या जनरेटरमधून काळा धूर येत असेल, तर ते अर्धवट जळलेले डिझेल आहे. हवेचा फिल्टर आणि इंजेक्टर तपासून घ्या.

प्रश्न : ही सगळी कामे कोणत्या निधीतून करावीत? सिंकिंग फंड वापरता येईल का?
— एका संस्थेच्या अध्यक्षा, डोंबिवली

उत्तर : नेहमीच्या देखभालीसाठी सिंकिंग फंडाला हात लावू नये. तो मोठ्या दुरुस्त्यांसाठी आणि पुनर्बांधणीसाठी असतो. आदर्श उपविधींप्रमाणे (गृहनिर्माण संस्थांसाठीच्या नमुना नियमांप्रमाणे) बांधकाम खर्चाच्या किमान ०.७५ टक्के रक्कम दरवर्षी दुरुस्ती व देखभाल निधीत जमा व्हायला हवी. पंप, व्हॉल्व्ह, फिल्टर, डिफ्यूझर यांचा खर्च त्यातून करावा. आपल्या संस्थेत ही वर्गणी वर्षानुवर्षे जुन्याच दराने घेतली जात असेल, तर पुढच्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर तो विषय घ्यावा आणि त्यासोबत पंपाचे रोजचे तास व मीटरचे दर आठवड्याचे आकडे लिहिलेली वही सभासदांना दाखवावी.