३,३५,५०,३३६ या संख्येत विशेष काय आहे?

ही पाचवी परिपूर्ण संख्या आहे, म्हणजे स्वतःला सोडून बाकीच्या सगळ्या विभाजकांची बेरीज केली की हीच संख्या परत मिळते. आधीच्या चार ६, २८, ४९६ आणि ८१२८. चौथ्यानंतर थेट साडेतीन कोटींच्या आसपास उडी!

अवयव पाडले तर ४०९६ × ८१९१, म्हणजे २ चा १२ वा घात गुणिले एक मूळ संख्या. एकूण विभाजक २६. बेरीज हाताने करून बघाच, फार सुंदर जमते: १, २, ४ पासून ४०९६ पर्यंतच्या तेरा विभाजकांची बेरीज बरोब्बर ८१९१ येते. उरलेले बारा विभाजक ८१९१ च्या १, २, ४ … २०४८ पटी, त्यांची बेरीज ८१९१ × ४०९५. दोन्ही मिळून ८१९१ × ४०९६. झालं!

८१९१ मूळ आहे, म्हणूनच हे जुळतं.

शिवाय ती त्रिकोणी संख्याही आहे: १ ते ८१९१ ची बेरीज. द्विमान पद्धतीत तेरा एक आणि पुढे बारा शून्यं. पूर्ण वर्ग मात्र नाही.

मला सर्वांत आवडणारी गोष्ट: १³ + ३³ + ५³ + … + १२७³ = ३,३५,५०,३३६. आणि अंकांची बेरीज २८, तीही परिपूर्णच (हा मात्र निव्वळ योगायोग).